प्रोफेसरसाहेबांची पत्रं आणि माझं एक पाकीट

आमच्या घरात तेव्हा एक अमेरिकन प्रोफेसर राहायचा. मेलेला होता, शंभरेक वर्षांपूर्वीच, पण राहायचा. इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या आमच्या, ओळीत एकाला एक चिकटलेल्या टेरेस घरात वरती एक बॉक्सरूम होती, तिच्यात कम्प्युटर, इस्त्रीचं टेबल, दोन मोठ्या बॅगा आणि आईचं तांदळाचं पोतं एवढं सगळं कोंबलेलं असायचं. तिथे तो यायचा, शनिवारी दुपारी, जेवणं झाली की. मी चौदा वर्षांची होते. आता मी पस्तिशी ओलांडलीय, आणि आठवणी लिहायचं हे काही वय नाही, माहितीय मला, पण हा भाग कधीपासून कुणालातरी सांगायचाय. आणि मी एकदा सांगायला लागले की थांबत नाही, तेव्हा बसा आता.

मिसेस केंबल आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या, एकट्या, ऐंशीच्या पुढच्या, चष्म्याच्या काचा हातभर जाड. त्यांची पणजी ही त्या प्रोफेसरची मुलगी. तो अमेरिकेतल्या कुठल्यातरी छोट्या, थंड गावातल्या कॉलेजात गणित आणि खगोल शिकवायचा. मुलगी लग्न करून इंग्लंडात आली, आणि तो गेल्यावर घरातली सगळी पत्रं एका ट्रंकेत भरून तिच्याकडे आली. मिसेस केंबलना ती ट्रंक आता त्या कॉलेजला देऊन टाकायची होती. ‘पण द्यायच्या आधी मला एकदा सगळं वाचायचंय,’ त्या आईला म्हणाल्या, ‘आणि मला आता टीव्हीवरचा माणूससुद्धा नीट दिसत नाही.’ कुणी मोठ्या अक्षरात टाइप करून दिलं तर जमेल. त्यांच्या पुतण्याने दोन पानं बघून हात टेकले होते. कारण ते लोक कागद वाचवायला पान उभं लिहायचे, मग तेच पान आडवं फिरवून लिहिलेल्यावरच परत लिहायचे. विणकामासारखं दिसायचं ते. आईने पान हातात घेतलं, खिडकीकडे नेलं, थोडं तिरकं धरलं आणि घडाघडा वाचायला लागली. मिसेस केंबल बघतच राहिल्या.

आई तेव्हा माझ्याच जुन्या प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी होती, म्हणजे मुलांच्या ताटात बेक्ड बीन्स वाढायची. नागपूरला तिने इंग्रजीत एम.ए. केलं होतं, दोन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, हे त्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं आणि आईनेही कधी सांगितलं नाही. ‘हे काय अवघड?’ घरी आल्यावर ती म्हणाली. ‘मोत्यासारखं अक्षर आहे माणसाचं. बी.ए. पार्ट टूचे पेपर तपासलेत मी, ते बघितले असते तर या बाईला चक्कर आली असती.’ पैसे घ्यायला तिने नकार दिला, मग मिसेस केंबल दर शनिवारी लिंबाचा केक पाठवायला लागल्या. आणि टाइप करायला मी. मी कीबोर्डकडे न बघता टाइप करायचे, शाळेत माझ्याएवढं फास्ट कुणी नव्हतं, बोटं डोक्याच्या पुढे धावायची. आई म्हणायची, तुझी जीभ आणि बोटं एकाच गिरणीतून आलीत.

त्या शनिवारांचा आवाज मला अजून येतो. खाली टम्बल ड्रायर गरगरतोय, रेडिएटर मधूनच टक् टक् करतोय, आणि आई वाचतेय. जेवायला बहुतेक गोळाभात असायचा नाहीतर सांबारवडी. इथल्या बाकीच्या मराठी मैत्रिणींना वाटायचं त्यात सांबार असतं, तर नाही, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो तळणीचा वास जिन्यावरून हळूहळू वर यायचा आणि बॉक्सरूममध्ये साठून राहायचा. पोट भरलेलं, खिडकीवर वाफ, बाहेर वॉटफर्डची ती नेहमीची करडी दुपार, आणि आईच्या आवाजात बर्फ पडायला लागायचा. ‘आज सकाळी दौतीतली शाई गोठली होती,’ प्रोफेसर त्याच्या आईला लिहायचा. ‘तळघरातली सफरचंदं लिडियाने मोजली. ती म्हणते एक कमी आहे, आणि माझ्याकडे बघते.’ लिडिया म्हणजे ती मुलगी, मिसेस केंबलची पणजी, तेव्हा सात वर्षांची. कधी पत्राच्या तळाशी त्याची बायको एखादी ओळ लिहायची, ‘यांनी सफरचंद खाल्लं, मी पाहिलं.’ आई हसायची आणि मला टाइप करायला थांबावं लागायचं. डोळे अर्धवट मिटून टाइप करताना मला खरंच वाटायचं की तांदळाच्या पोत्यावर कुणीतरी बसलंय, लांब कोट घालून, गुडघे जवळ घेऊन, आणि आपलंच पत्र ऐकतंय. आम्ही त्याला प्रोफेसरसाहेब म्हणायचो. त्याचं नाव इलायस होतं, पण आईला ते एकेरी वाटायचं.

प्रोफेसरसाहेबांची एक सवय होती. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ते त्या दिवसाचं तापमान लिहायचे. तारखेच्याही आधी. ‘बाहेर वीस डिग्री.’ आणि खाली शाई गोठलेली. मला काही केल्या कळेना. वीस डिग्रीला आम्ही वॉटफर्डमध्ये शॉर्ट्स घालून पार्कात पडून राहायचो. मी आईला म्हटलं, हा माणूस जरा नाटकी आहे. तेव्हा दारातून आवाज आला, ‘फॅरनहाइट आहे ते.’ बाबा. हातात धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन उभे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत होते, आठवडाभर मोटरवेवर जायचे-यायचे, आणि घरी फार बोलायचे नाहीत. वाईट नव्हते, रागीट तर अजिबात नाही. नुसते गप्प, फ्रिज गप्प असतो तसे, म्हणजे आत काहीतरी सतत चालू आहे हे कान दिल्यावर कळायचं. आमच्या साइडबोर्डचा खालचा ड्रॉवर बाबांचा. त्यात गॅरंटी कार्डं, जुन्या किल्ल्या आणि भारतातून आलेली निळी एअरमेल पत्रं. दर वर्षी वैशाखात एक यायचं, बुद्धपौर्णिमेच्या आसपास, मागच्या बाजूला ठसठशीत अक्षरात पत्ता, प्रभाकर, इंदोरा, नागपूर. प्रभाकरकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, शाळेत मराठीचे मास्तर. बाबा ते पत्र हातात घ्यायचे, उलटसुलट करायचे आणि न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे. फेकायचे मात्र नाहीत.

मी आईला विचारलं होतं. आईने कणीक मळता मळता सांगितलं, माझ्याकडे न बघता. आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांचा पासपोर्ट नेमका रिन्यूअलला गेलेला, त्यामुळे ते पोचले चार दिवसांनी. सगळं आटोपलं होतं. रात्रंदिवस प्रवास करून, दाढी वाढलेली, बाबा घराच्या दारात उभे राहिले आणि काका आतल्या माणसांना म्हणाले, ‘पाहुणे आले.’ तेवढंच. बाबा दोन दिवस राहिले आणि परत आले. ‘पाहुणा म्हणाला मला,’ ते आईला म्हणाले होते, ‘माझ्याच घरात.’ त्यानंतर त्यांनी कधी भावाचं नाव घेतलं नाही. मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. आमच्याकडे पाहुणे आले की चांगला शब्द होता, पाहुणे आले की केक असायचा.

हां, तर प्रोफेसरसाहेब. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर आम्ही एका वेगळ्या गठ्ठ्याकडे आलो. जाड सुतळीने बांधलेला. ही सगळी पत्रं प्रोफेसरसाहेबांनीच लिहिलेली होती, त्यांच्या धाकट्या भावाला, जोनसला. जोनस गावाकडे शेती करायचा, फार शिकलेला नव्हता. आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर जोनसचं एकच पत्र होतं, वेडंवाकडं, पेन्सिलीने. बायको परत पोटुशी आहे, वासरू मेलं, आईच्या थडग्यावर मी स्वतः दगड बसवला, तू कधी येतोस. आणि त्या पत्रावर, आईने पान खिडकीकडे धरलं तेव्हा दिसलं, दुसऱ्या शाईने, प्रोफेसरसाहेबांच्या मोत्यांनी, प्रत्येक चुकीचं स्पेलिंग दुरुस्त केलेलं होतं. ‘वासरू’ दुरुस्त. ‘थडगं’ दुरुस्त. खाली फक्त, ‘प्रिय भाऊ, अभ्यासाकरता परत पाठवत आहे.’ बाकी एक अक्षर नाही.

‘अरे देवा,’ आई म्हणाली, आणि आमच्याकडे देव हा शब्द सहज येत नाही. ‘उत्तरच नाही दिलं याने. नुसत्या चुका काढल्या.’

जोनसने परत लिहिलं नाही. मग प्रोफेसरसाहेब लिहायला लागले, दर वर्षी एक, वाढत्या काकुळतीने. बाहेर चौदा डिग्री, जोनस, मी चुकलो. बाहेर एकाहत्तर डिग्री, जोनस, लिडिया तुझ्या मुलांची नावं विचारते आणि मला सांगता येत नाहीत. बाहेर तीस डिग्री, जोनस, काल आकाश स्वच्छ होतं, आपण गच्चीवर झोपायचो ते आठवलं. गच्ची नव्हे, कुरण म्हणाला होता तो, पण आई वाचताना मधूनच मराठीत भाषांतर करून सांगायची आणि तिच्या भाषांतरात सगळ्यांच्या घराला गच्ची असायची. मी ती पत्रं टाइप करताना पहिल्यांदा हळू झाले. मला जोनसला पकडून हलवावंसं वाटायचं. शाळेच्या बसमध्येसुद्धा मी त्याचाच विचार करायचे, की आज तरी लिहील, पुढच्या पानावर तरी. आठवा, मी चौदाची होते आणि मला हे माहीतच नव्हतं की हे सगळं केव्हाच होऊन गेलंय. म्हणजे माहीत होतं, पण शनिवारी दुपारी नव्हतं.

आणि मग मार्चअखेरीस गठ्ठ्यातलं शेवटचं पत्र आलं. पाकिटाला चारही बाजूंनी काळी किनार, कागदालाही. आईने विचारलं हे काय, आणि मी शाळेत शिकल्याप्रमाणे ऐटीत सांगितलं की तेव्हा घरात कुणी गेलं की लोक असा कागद वापरायचे. आई वाचायला लागली. जोनसच्या बायकोचं होतं. जोनस गेला, छातीत दुखून, गवत कापताना. ‘तुमची सगळी पत्रं परत पाठवते आहे. तो ती दर रविवारी काढून वाचायचा. उत्तर लिहायला बसायचा, पण म्हणायचा, चुका होतील.’

आईचा आवाज तिथे थांबला. माझी बोटं तशीच कीबोर्डवर. खाली ड्रायर पण थांबलेला होता, म्हणून दाराबाहेर जिन्याची पायरी वाजली ते ऐकू आलं. मी डोकावले तर बाबा खाली जात होते, पाठमोरे, कठड्याला धरून. साइडबोर्डपाशी जाऊन ते उभे राहिले. ड्रॉवर उघडला नाही. नुसते उभे. मग किटली लावली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात, मी ठरवलं की काकांना पत्र लिहायचं. मला अगदी स्पष्ट दिसत होतं पुढे काय होणार ते. इंदोऱ्याहून काळ्या किनारीचं पाकीट येणार, आणि बाबा आयुष्यभर जिन्यात उभे राहणार. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या कम्प्युटरवर मराठी अक्षरं नव्हती, त्यामुळे हाताने लिहावं लागलं, आणि मी, शाळेतली सगळ्यात फास्ट मुलगी, एका ओळीला पंधरा मिनिटं घेत होते. मराठी मला बोलता यायची, लिहिता जेमतेम, आईने शनिवारी सकाळी शिकवलेली. पत्र काय होतं ते मला पाठ आहे, का ते पुढे कळेल.

‘बाहेर सहा डिग्री. सप्रेम जय भीम. मी प्रज्ञा, तुमचा पुतणी. बाबा तुमचा सगळा पत्र ड्रॉवरमधे ठेवला आहे. तो उघडत नाही पण फेकत पण नाही. तुम्ही मेल्यावर आम्हाला पत्र येणार मग बाबा रडेल म्हणून मी आधीच लिहते. तुम्ही चुका झाली तरी चालेल पण लिहा. फोन केला तर जास्त चांगली.’

राहिलं पाकीट. नुसतं ‘प्रभाकरकाका’ लिहिणं मला उद्धट वाटत होतं. पाकिटावर नावाच्या आधी काहीतरी मोठं लिहितात एवढं मला ठाऊक होतं. आणि मला एक शब्द माहीत होता. आमच्या हॉलमध्ये, बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूला, आजोबांचा फोटो होता, नागपूरहून फ्रेम करून आलेला, आणि त्याखाली छान वळणदार अक्षरात त्यांच्या नावाआधी एक शब्द होता. लहान असताना मी आईला विचारलं होतं हे काय गं, आणि आई तेव्हा बहुधा कामात होती किंवा तिला तो विषय नको होता. ती म्हणाली, ‘मोठ्या माणसांच्या नावाआधी लावतात.’ झालं तर. मी स्टुलावर चढून तो शब्द बघून बघून उतरवला, जिभेचं टोक बाहेर काढून, माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात. पत्ता एअरमेलच्या मागून घेतला. पोस्टात जाऊन तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला तेव्हा मला वाटलं, असं, याला म्हणतात काम करणं.

दोन-तीन आठवडे गेले. रविवार होता, सकाळचे दहा. मी जिन्यात बसून टोस्ट खात होते, बाबा खाली चहा घेऊन उभे होते, आणि हॉलमधला फोन वाजला. आता काकांच्या फोनबद्दल एक सांगते, त्यांना मधल्या तारेवर अजिबात विश्वास नव्हता. ते असे बोलायचे की नागपूरहून वॉटफर्डला आवाज नुसता हवेतून पोचवायचाय. त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या, आणि स्वयंपाकघरात आईलाही.

‘हॅलो,’ बाबा म्हणाले.

‘सिद्धू का?’

‘हो. कोण बोलतंय?’

‘कालकथित प्रभाकर बोलतोय.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लावत नाहीत, कालकथित लावतात. जिवंत माणूस आयुष्मान. मी आयुष्य सोडून काळ लावला होता.

‘दादा?’ बाबा म्हणाले, एकदम बारीक आवाजात.

‘हो. मी मेलो असं कळलं मला. वॉटफर्डहून लेखी आलंय, पाकिटावर. म्हटलं फोन करून खात्री करून घ्यावी.’ मग काका सांगत सुटले. पोस्टमनने फाटकात उभं राहून पाकीट वाचलं, परत वाचलं, आणि टोपी काढली. काका स्वतः समोर लुंगीवर झाडांना पाणी घालत होते. पोस्टमन त्यांनाच विचारतो, कधी झालं? शेजारच्या दोघी बायका काकूंना धरायला आल्या. काकू काकांना म्हणाली, तुम्ही जरा आत जा, लोकांना कसंतरी वाटतंय. ‘एकजण तर मला पाहून नाराज झाला रे. म्हणे सुट्टी टाकून आलो.’

आई पिठाच्या हातांनी दारात आली होती आणि पदराने तोंड दाबत होती. मी टोस्ट तसाच धरून बसले होते, कान पेटलेले. बाबांनी वर माझ्याकडे पाहिलं. ‘दादा, पोरगी इथली आहे,’ ते म्हणाले, ‘तिला मराठी कळत नाही.’

‘तिला बरोबर कळतं,’ काका म्हणाले. ‘तुला कळत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवतोस म्हणे.’

लाइनवर ती खरखर. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, वॉटफर्डचं नव्हतं ते मराठी, मराठी मंडळाच्या मीटिंगला जमणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांशी बोलायचे ते तर नव्हेच.

‘तू मले पाहुणा म्हटलं, दादा.’

‘कवा?’

‘बाबा गेले तवा. मी दारात उभा होतो. पाहुणे आले म्हटलं तू.’

मग काकांचा आवाज आला, आणि पहिल्यांदा तो साधा होता, ओरडून नाही. ‘चार दिवस लोकं येत होते रे. दारात कोणी दिसलं की मी तेच म्हणत होतो. पाहुणे आले, पाणी आणा. पाहुणे आले, पाणी आणा. तू आला तवा मी पाहिलं बी नाही कोण आहे. तोंडातून निघून गेलं. अन् तू काहून बोलला नाही तवाच?’

बाबा खाली बसले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, माझ्या पायांशी. मला त्यांच्या डोक्यावरचे केस वरून दिसत होते, विरळ झालेले. त्यांचे खांदे हलत होते आणि ते हसतायत की काय ते मला कळेना, दोन्ही असावं. ‘पाणी,’ ते म्हणाले. ‘हो. पाणी दिलं होतं कोणीतरी.’

त्या दुपारी त्यांनी ड्रॉवर उघडला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ निळी पत्रं, वर्षांप्रमाणे लावून, आणि भाजी कापायच्या सुरीने एकेक उघडून त्यांनी मोठ्याने वाचली. मला वाटलं होतं त्यात काहीतरी भयंकर असेल. पण होतं काय, तर आंब्याला मोहोर आला. तुझी सायकल मी विकली नाही, चेन ऑइल करून ठेवलीय. बाबांचा चष्मा तुला हवा का, मला लागत नाही, नंबर वेगळा आहे. आई ऐकत होती आणि पोळ्या लाटत होती, आणि मला कुणी रागावलंच नाही. संध्याकाळी आईच आजोबांच्या फोटोखालचा तो शब्द बोटाने दाखवत म्हणाली, ‘चूक माझी आहे. नीट सांगायला हवं होतं तुला.’ आणि परत हसायला लागली.

महिन्याभराने मला पाकीट आलं, मला, माझ्या नावाने, आयुष्मती प्रज्ञा. आत माझंच पत्र होतं, लाल शाईने माखलेलं. एकतीस चुका. ‘तुमचा पुतणी’ला गोल, ‘सगळा पत्र’ला दोन गोल. खाली शंभरपैकी पस्तीस, पास. आईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला, कारण आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर जोनसचं पेन्सिलीचं पत्र आलं. मला राग आला, खरं सांगते, चांगली दहा मिनिटं मी बॉक्सरूममध्ये पोत्यावर जाऊन बसले. मग मागे दुसरा कागद दिसला. ‘बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तुझ्या पहिल्या ओळीचं उत्तर,’ अशी सुरुवात, आणि मग माझ्या एकेका ओळीला उत्तर. सगळ्या ओळींना. शेवटी लिहिलं होतं, ‘पाकीट मात्र परत पाठवत नाही. ते ठेवून घेतलंय. कधीतरी लागेलच.’

प्रोफेसरसाहेबांची ट्रंक उन्हाळ्यात अमेरिकेला गेली. मिसेस केंबलनी आमचे कागद बागेत बसून भिंग लावून वाचले, आणि जोनसवर त्या रडल्या नाहीत, चिडल्या. म्हणाल्या, दोघांच्याही कानाखाली वाजवायला हवी होती. पुढे त्यांनीच आईच्या मागे लागून तिला कॉलेजात अर्ज करायला लावला, पण ती आईची गोष्ट, ती तिने लिहावी. बाबा त्या डिसेंबरात नागपूरला गेले आणि त्यांनी तिकडे सायकल चालवली म्हणे. आणि मी काकांना लिहीत राहिले. शाळा, युनिव्हर्सिटी, पहिली नोकरी, दुसरी नोकरी. माझ्या मराठी टाइपिंगचा वेग आज सगळे वाखाणतात, पण काकांना टाइप केलेलं चालायचं नाही, त्यामुळे हातानेच. माझे मार्क पस्तीसवरून साठवर गेले, मग ऐंशीवर, आणि एक्क्याण्णवला येऊन थांबले. त्यापुढे ते कधी देत नसत. हे जे तुम्ही वाचताय, ते मराठी तिथून आलंय. यात अजून चुका असतील तर त्या लाल शाई संपल्यानंतरच्या आहेत.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. मे महिना, झोपेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका करायची होती, आणि काकूने मला फोन केला तेव्हा मी लॅपटॉप उघडूनच बसले, म्हटलं, सांग, मी टाइप करते, दोन मिनिटांत देते. ‘नाही गं,’ काकू म्हणाली, ‘नाव आहे आमच्याजवळ. त्यांनी सांगून ठेवलं होतं तेच छापायचं.’ मग तिने नातवाकडून फोनवर फोटो पाठवला. पिवळं पडलेलं पाकीट, कोपऱ्यात राणीचं तिकीट, आणि मधोमध माझ्या चौदाव्या वर्षीच्या सगळ्यात सुंदर अक्षरात, जिभेचं टोक बाहेर काढून लिहिलेलं, ‘कालकथीत प्रभाकरकाका’. फोटो मोठा करून पाहिला. ‘थी’ची वेलांटी लाल शाईने खोडून पहिली केली होती. आणि बाजूला, समासात, त्यांच्या ठसठशीत अक्षरात शेरा होता: ‘बाकी बरोबर. फक्त जरा लवकर.’